चढावर तापणारी हवा: इंटरकूलरची पार्श्वभूमी

गोव्याच्या डिचोली-उसगाव खाणपट्ट्यात वाढलेल्या माझ्या पिढीनं ‘टर्बो’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तो खनिजवाहू ट्रकांवर. पुढे कधीतरी त्याला ‘टीसीआयसी’ ही अक्षरं येऊन चिकटली. टाटाच्या ६९७ टीसीआयसी इंजिनाच्या नावातच ती आहेत, आणि त्यांचा अर्थ टर्बोचार्ज्ड व इंटरकूल्ड असा. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, आणि ती दाबलेली, तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी निववणारी जाळी म्हणजे इंटरकूलर. तेव्हा तो कुणी सांगितला नाही. आज गोव्यातली तरुण मुलं लहान टर्बो पेट्रोल गाडीला हलकासा रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकातला बदल) करून घेतात आणि पहिल्या उन्हाळ्यातच विचारायला येतात: इंटरकूलर बदलायचा का? प्रश्न नवा वाटतो, पण त्याचं वय ऐंशीच्या पुढे आहे. आधीच्या लोकांनी त्याचं उत्तर दोन्ही बाजूंनी चुकत चुकत शोधलं आहे.

सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, तेच टर्बोत मोठ्या प्रमाणावर घडतं. मे महिन्यातली ३५ अंशांची हवा घ्या. ०.८ बार बूस्ट (टर्बोनं दिलेला जादा दाब) आणि हवा दाबणाऱ्या कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती साधारण ११६ अंशांवर बाहेर पडते. रिमॅपनं बूस्ट १.१ बारवर नेला की तीच हवा १३९ अंशांच्या आसपास जाते. तापमान वाढतंच, शिवाय दर सेकंदाला जाणारी हवाही वाढते. दोन्ही मिळून इंटरकूलरनं काढून टाकायची उष्णता सुमारे दीडपट होते, आणि जाळी मात्र कंपनीनं दिली तेवढीच राहते. गरम हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी मावतो. त्यातच सिलिंडरमध्ये मिश्रण वेळेआधी पेटून नॉकिंग व्हायची, म्हणजे इंजिनाला आतून ठोके बसायची, शक्यता वाढते. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजिन वाचवण्यासाठी ठिणगीची वेळ मागे घेतो. पैसे मोजून घेतलेला पिकप चढावर नाहीसा होतो, तो असा.

टर्बोचा जनक स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी. त्यानं १९०५ साली पेटंट घेतलं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यानं १९१८ मध्ये लिबर्टी विमानइंजिन पाइक्स पीक या सुमारे १४,१०० फूट उंच डोंगरावर नेऊन चालवून दाखवलं. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर २३० वर आलं होतं, टर्बो जोडल्यावर त्यानं ३५६ दिली. म्हणजे विमानात टर्बो आला तो उंचीवर हरवलेली हवा परत मिळवायला. समुद्राला टेकून राहणाऱ्या आपल्याला ती गरज कधीच नव्हती. आपण तो मुळापेक्षा जास्त हवा कोंबायला वापरतो, म्हणून तापमानाचा त्रासही आपल्या वाट्याला जास्त येतो.

इंटरकूलरचा खरा धडा मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या लॉकहीड पी-३८ विमानात आहे, आणि रिमॅप करणाऱ्या प्रत्येकानं तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीच्या पी-३८ मध्ये इंटरकूलर पंखांच्या पुढच्या कडेत बसवला होता. पंखाचा पत्राच हवा थंड करी, वेगळी जाळी लोंबत नसे, वाऱ्याला अडथळा नसे. रचना देखणी होती. पण ती सुमारे हजार अश्वशक्तीच्या हिशेबानं आखलेली. पुढे ॲलिसन इंजिनांची ताकद वाढत गेली आणि इंटरकूलर मात्र तिथेच राहिला. पूर्ण ताकद काढायला गेलं की हवा तापे, नॉकिंग सुरू होई, आणि कागदावरची अश्वशक्ती वैमानिकाला वापरता येत नसे. स्टॉक, म्हणजे कंपनीच्याच, इंटरकूलरवर रिमॅप केलेल्या गाडीची गोष्ट याहून वेगळी नाही.

१९४३ च्या पी-३८ जे मध्ये इंटरकूलर पंखातून काढून इंजिनाच्या हनुवटीखाली, वेगळ्या जाळीच्या रूपात बसवला. पंखात मोकळ्या झालेल्या जागेत इंधनाच्या जादा टाक्या आल्या. ताकद मिळाली, पल्लाही वाढला. पण हीच विमानं युरोपातल्या हिवाळ्यात खूप उंचीवर गेली तेव्हा उलटाच त्रास सुरू झाला. हवा आता गरजेपेक्षा जास्त थंड होऊ लागली, इंधनाचं नीट बाष्प होईना, स्पार्क प्लग काळवंडू लागले. आधी इंटरकूलर लहान पडला होता, मग त्या हवामानाला तो मोठा झाला. रोल्स-रॉइसनं मर्लिन ६० मालिकेत वेगळी वाट धरली. दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरनंतर (इंजिनानंच फिरवलेल्या हवेच्या पंपानंतर) हवा पाण्यावर चालणाऱ्या कूलरमधून नेली, आणि स्पिटफायर मार्क ९ याच इंजिनावर उडालं.

मोटारगाड्यांनी हा धडा बराच उशिरा घेतला. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरला टर्बो होता, इंटरकूलर नव्हता. त्याऐवजी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण हवेत फवारलं जाई. मालकानं ती टाकी भरत राहायची होती. अनेकांनी भरली नाही, आणि गाडीला स्वतःची ताकद आवरून धरावी लागली. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोनं काँप्रेशन रेशो (सिलिंडर मिश्रणाला किती पट दाबतो तो आकडा) ६.९ पर्यंत उतरवून वेळ निभावली. पोर्शे ९११ टर्बो १९७५ मध्ये तीन लिटरच्या इंजिनासह इंटरकूलरविना आली. १९७८ मध्ये ३.३ लिटर इंजिन आलं तेव्हा मागच्या पंखाचा आकारच बदलला, कारण त्याखाली इंटरकूलर ठेवायचा होता. २६० अश्वशक्तीची ताकद ३०० झाली. त्यात मोठ्या इंजिनाचा वाटा होताच, पण ती ताकद टिकवून धरण्याचं काम त्या जाळीचं. १९८० च्या ऑडी क्वाट्रोनं इंटरकूलर रस्त्यावरच्या, चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत आणला आणि मग तो सगळीकडे दिसू लागला.

आपल्याकडे तो वेगाच्या हौसेपोटी आला नाही. डिझेल इंजिनात थंड हवा गेली की ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. भारत स्टेजचे (बीएस) प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा इंटरकूलर ट्रकांत आणि मग डिझेल गाड्यांत रुळला. पेट्रोलचं वारं नंतरचं: २०१३ ची पोलो जीटी टीएसआय, २०१७ ची बलेनो आरएस आणि नेक्सॉन. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, बरीच लहान डिझेल इंजिनं बंद पडली आणि एक लिटरचे टर्बो पेट्रोल घरोघरी पोचले. आपली आजची चर्चा इथून सुरू होते.

गोव्यात तिला काही खास गोष्टी चिकटतात. नवा झुआरी पूल व्हायच्या आधी कुठ्ठाळीच्या कोंडीत अर्धा तास अडकून मग वेर्ण्याचा चढ घेतलेला ज्याला आठवतो, त्याला उभ्या गाडीत जाळी भिजल्यासारखी उष्णता कशी शोषते हे वेगळं सांगायला नको. तिथे जाड, वजनदार कोअर (इंटरकूलरची मुख्य जाळी) उशिरा तापतो खरा, पण तापला की उशिराच निवतो. पातळ नळ्यांचा कोअर लवकर तापतो आणि वारा मिळताच लवकर सावरतो. अनमोड घाटात सलग चढायचं असेल तर पहिला चांगला, शहरात थांबत-धावत फिरायचं असेल तर माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं. आकारानं फार मोठा घेतला तर आतली पोकळी भरायला टर्बोला वेळ लागतो आणि हलक्या रिमॅपच्या गाडीत हा उशीर पायाला लगेच जाणवतो. फोक्सवॅगनच्या १.४ टीएसआयसारख्या ईए२११ इंजिनांत पाण्यावर चालणारा कूलर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो. तिथे बंपरमागे मोठी जाळी लावायचा प्रश्न येत नाही, काम त्या पाण्याच्या छोट्या रेडिएटरवर आणि पंपावर करावं लागतं.

किनाऱ्यावरची खारी हवा ॲल्युमिनियमच्या पात्यांना खाते. खाणपट्ट्यातली तांबडी धूळ पहिल्या पावसात चिखल होऊन त्याच पात्यांत बसते. नवा इंटरकूलर घेण्याआधी जुना खाली उतरवून हलक्या दाबाच्या पाण्यानं धुवा, होजच्या क्लिपा तपासा, प्लास्टिकच्या टाकीच्या शिवणीवर तेलाचा ओला डाग आहे का पाहा. माझ्या स्वतःच्या गाडीत चढावरची मरगळ मी वर्षभर रिमॅपवर ढकलत होतो. गळती निघाली एका सैल क्लिपेपाशी. कायद्याचंही ध्यान ठेवावं लागतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. वॉरंटीचा प्रश्न त्याहून वेगळा.

आणि आपला पाऊस. जुलैत २६ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता असते तेव्हा हवेतली वाफ नेहमीच्या दाबाला २५ अंशांच्या आसपास दवरूप होते. तीच हवा दुप्पट दाबाखाली आली की दवबिंदू ३७ अंशांजवळ पोचतो. गाडीचा स्टॉक इंटरकूलर हवा ४५-५० अंशांवर सोडत असेल तर काही होत नाही. पण भला मोठा कोअर पावसाच्या वाऱ्यात तीच हवा ३० अंशांपर्यंत उतरवू लागला, तर आतल्या भिंतीवर पाणी धरतं आणि खालच्या टाकीत तेलाच्या थराखाली साचतं. चोर्ला घाट हळूहळू उतरून सपाटीला लागल्यावर अचानक पूर्ण पेडल दाबलं की ते सगळं एकदम इंजिनात ओढलं जातं आणि क्षणभर मिसफायर होतो. पावसाळ्यात इथे गाडी रोज चालवणाऱ्यानं कोअर निवडताना बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानाच्या मेमधल्या आकड्याइतकाच जुलैमधला आकडाही मागून घ्यावा, आणि बसवताना खालचा होज असा ठेवून घ्यावा की सर्व्हिसच्या वेळी तो सोडून साचलेलं पाणी काढता येईल.