मूळ रंगातली सायकल आणि नवा रंग मारलेली सायकल

रत्नागिरी-मालवणकडे माळ्यावर पडून राहिलेली जुनी परदेशी माउंटन बाइक विकायची ठरली, की पहिला सल्ला रंगाचा मिळतो. खाऱ्या हवेने गंज आलाय, स्टिकर उडालेत, पावडर कोटिंग करून घ्या, चांगला भाव येईल. रोज चालवायला घेणाऱ्यासाठी हे ठीक आहे. संग्राहकाला विकायची असेल, तर कृपा करून रंगाला हात लावू नका.

त्याला चकाकी नको असते, कारखान्यातून निघालेली सायकल हवी असते. स्पेशलाइज्ड या अमेरिकन कंपनीची 1981 ची स्टंपजंपर घ्या, मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली माउंटन बाइक. फ्रेम जपानमध्ये बनलेली. तिच्यावरचा खरचटलेला मूळ रंग हाच तिचा दाखला. कोटिंगच्या आधी फ्रेम ब्लास्ट करतात, म्हणजे वाळूसारख्या कणांचा मारा करून खरवडतात, तेव्हा रंग आणि स्टिकर कायमचे जातात. वर जाड थर बसला की पेडलच्या धुऱ्याखाली ठोकलेला फ्रेमचा नंबरही बुजतो.

सुट्या भागांचंही तेच. शिमानो या जपानी कंपनीच्या त्या काळच्या भागांवर दोन अक्षरांचा शिक्का असतो: पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 1976 ला ए, पुढे क्रमाने. म्हणजे 'जीसी' म्हणजे मार्च 1982. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, चकचकीत नवा बसवलात, तर पुराव्याचा हा धागा तुटतो. बदलायचाच असेल तर जुना डबीत जपून ठेवा आणि सायकलीबरोबर द्या.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, गंजाचा. वरवरचा तांबूस गंज तेलाच्या फडक्याने बराचसा निघतो, त्याने मोल फारसं घटत नाही. फ्रेम आतून खाल्ली गेली असेल, तर मात्र घटतं. सीटचा दांडा काढा आणि नळीत टॉर्च मारा. दांडा हलतच नसेल, तर दांड्याचं अॅल्युमिनियम आणि फ्रेमचं पोलाद खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना धरून बसलेत. हातोडी घालू नका. गंज सोडवणारं तेल सोडा आणि दोन-चार दिवस वाट पाहा.

नवा रंग आधीच लागलेला असेल, किंवा गंजाने पत्रा खाल्ल्यामुळे द्यावाच लागला असेल, तर तेही विकता येतं; फक्त 'ओरिजिनल' म्हणू नका, 'रिस्टोर केलेली' म्हणा. फोटो नंबराचा, शिक्क्यांचा आणि गंजाचा, तिन्हींचा जवळून काढा.