फुंकर, फणस आणि 15 मिनिटं

केरळमधलं पंदळम. तिथल्या राज्य परिवहनाच्या आगारात जुलै 2025 मधल्या एका सकाळी ड्युटीवर निघालेल्या चालकाने नेहमीप्रमाणे श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्रात फुंकर मारली आणि पडद्यावर आकडा आला 10. दारूला हातही लावलेला नाही, हवं तर रक्त तपासा, असं तो परोपरीने सांगत राहिला. त्याने खाल्ला होता तो फणस. एका कर्मचाऱ्याने आणलेला, चांगला पिकलेला. मग ज्याचा आकडा आधी शून्य आला होता अशा एका सहकाऱ्याने तेच गरे खाऊन पुन्हा फुंकर मारली. त्याचाही आकडा वर चढला.

ही बातमी बहुतेकांनी गंमत म्हणून वाचली. मला त्यात एका माणसाची नोकरी दिसली. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची. केरळच्या परिवहन महामंडळात मात्र शून्याच्या वर काहीच चालत नाही. तिथे 10 हा आकडासुद्धा कारवाईला पुरतो.

या यंत्राला रक्ताचा थेंबही दिसत नाही. त्याच्या वाट्याला येते ती फक्त हवा. प्यायलेली दारू पोटातून आणि आतड्यातून रक्तात उतरते, ते रक्त फुप्फुसात पोचतं आणि तिथल्या बारीक वायुकोशांत अल्कोहोलचा थोडासा भाग वाफ होऊन हवेत मिसळतो. ठराविक तापमानाला द्रवात किती विरघळलेलं आणि त्यावरच्या हवेत किती, याचं प्रमाण ठरलेलं असतं. इंग्लंडच्या विल्यम हेन्रीने 1803 साली हा नियम मांडला. श्वासचाचणीत हे प्रमाण 2100 ला 1 असं धरतात. 1 मिलिलिटर रक्तात जेवढं अल्कोहोल, तेवढंच 2100 मिलिलिटर श्वासात.

आता त्या चालकाच्या 10 चा उलटा हिशोब करून पाहू. 100 मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम म्हणजे 1 मिलिलिटर रक्तात 0.1 मिलिग्रॅम. एवढंच अल्कोहोल 2100 मिलिलिटर हवेत पसरलेलं असलं, तर लिटरमागे येतं जेमतेम 0.05 मिलिग्रॅम. एका मिलिग्रॅमचा विसावा भाग! एवढ्याशा वाफेचा माग यंत्राने काढला, तिला 2100 ने गुणलं आणि रक्ताचा आकडा म्हणून दाखवलं.

हा गुणाकार खरा ठरतो तो हवा फुप्फुसाच्या तळातून आलेली असेल तरच. म्हणून तर लांब, न थांबता फुंकायला सांगतात. पण तीच हवा बाहेर येताना तोंडातून येते, आणि तोंडात आधीपासून अल्कोहोल असेल तर यंत्राला त्यातला फरक ओळखणं कठीण जातं. बरका फणस ज्यांच्या घरी फोडला जातो त्यांना ठाऊक आहे, की उकाड्यात राहून गेलेल्या गऱ्यांना आंबूस वास सुटायला वेळ लागत नाही. गरात साखर भरपूर, यीस्ट हवेतच असतं, ते साखरेचं अल्कोहोल करतं. समजा, अशा गरात अर्धा टक्का अल्कोहोल आहे. दातांत अडकलेल्या एका ग्रॅम गरातच 5 मिलिग्रॅम झालं. एक लिटर हवेत 10 चा आकडा दाखवायला जेवढं लागतं, त्याच्या शंभरपट. नशा येण्याचा प्रश्नच नाही, कारण रक्तात त्यातलं नावापुरतंच पोचणार. माउथवॉश, खोकल्याची काही औषधं आणि अल्कोहोलमध्ये बनवलेले होमिओपॅथीचे थेंब यांचीही हीच गत.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. पाण्याने खळखळून चूळ भरायची, 15 मिनिटं काहीही खायचं-प्यायचं नाही आणि पुन्हा फुंकायचं. तोंडातलं अल्कोहोल लाळेबरोबर आणि वाफ होऊन तेवढ्यात उडून जातं. रक्तातलं मात्र 15 मिनिटांत फारसं हलत नाही. दुसरा आकडा शून्य आला तर दोष तोंडाचा होता. पहिल्याच्या आसपास राहिला तर दारू रक्तात आहे.

आत काय चालतं तेही पाहायला हवं. चांगल्या यंत्रात असतो फ्युएल सेल. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड होतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि या क्रियेत सुटलेले इलेक्ट्रॉन वीज म्हणून मोजले जातात. स्वस्त यंत्रात तापवलेल्या टिन ऑक्साइडचा सेन्सर असतो. तो अल्कोहोलपुरता थांबत नाही. मधुमेह बळावल्यावर श्वासात येणाऱ्या ॲसिटोनलाही दाद देऊ शकतो. फ्युएल सेलही कालांतराने मंदावतो, म्हणून ठरलेल्या मुदतीत त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या नमुन्याशी ताडून आकडा जुळवून घेणं, लागतं. शिवाय श्वासाचं तापमान 1 अंशाने वाढलं की आकडा सुमारे 6 ते 7 टक्क्यांनी फुगतो, हे तापातल्या कामगाराच्या बाबतीत विसरून चालणार नाही. तपासणाऱ्याने नुकतंच हाताला सॅनिटायझर लावलेलं असलं तर त्याची वाफ वेगळीच.

हे सगळं माहीत असूनही फेब्रुवारी 2025 मध्ये रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागाने लोको पायलटांसाठी, म्हणजे रेल्वे इंजिनाच्या चालकांसाठी, आदेश काढला: ड्युटीआधी शहाळं नको, काही जातींची केळी नकोत, शीतपेयं, खोकल्याचं औषध, होमिओपॅथी नको. विरोध झाल्यावर आदेश मागे घेतला गेला, हे बरंच झालं. माणसाच्या ताटावर पहारा बसवण्याआधी यंत्र आणि तपासणीची पद्धत तपासायला हवी होती.

म्हणून चाचणीच नको, असं मी म्हणणार नाही. एसटीत बसणाऱ्या 40-50 माणसांचा जीव चालकाच्या हातात असतो, आणि सकाळची चाचणी खरी महत्त्वाची ठरते ती रात्रीच्या दारूमुळे. समजा, रात्री 12 वाजता रक्तातलं प्रमाण 100 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅम आहे. यकृत ते तासाला साधारण 15 ने कमी करतं. पहाटे 6 ला पहिली गाडी काढताना अजून 30 उरलेलं असतं, थेट कायद्याच्या रेषेवर. शून्याला सकाळचे 8 वाजतात. झोप, गार पाण्याची आंघोळ, कोरा चहा, लिंबू यांतल्या कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. त्या चालकाला स्वतःला अगदी ठीक वाटत असतं. तो खोटं बोलत नसतो, पण एकाच वेळी आरसा, रस्ता आणि ब्रेक सांभाळण्याची त्याची क्षमता तेवढ्या प्रमाणातही घटलेली असते.

आपल्याकडे विमान कंपन्यांतही ही चाचणी कडक आहे. वैमानिकाला उड्डाणाआधीचे 12 तास दारू वर्ज्य, आणि यंत्रावर आकडा शून्यच यायला हवा. तरीही पहिला आकडा आला म्हणून त्याला लगेच दोषी धरत नाहीत. तोंड धुऊन, चूळ भरून 15 ते 20 मिनिटांनी दुसरी चाचणी होते, हे नियमातच लिहिलेलं आहे. बसचालक, क्रेनचालक, रासायनिक कारखान्यातला ऑपरेटर यांनाही हीच दुसरी फुंकर लेखी नियम म्हणून मिळायला हवी, आणि ती मान्य नसेल तर रक्त तपासून घेण्याचा हक्कही. पंदळमच्या चालकाचं म्हणणं ऐकलं गेलं, कारण त्या सकाळी आगारात फणसाचे गरे अजून शिल्लक होते.