हवानिरपेक्ष इंधन घट

बाहेरची हवा न घेता, सोबत नेलेल्या हायड्रोजन व ऑक्सिजनच्या संयोगातून थेट वीज तयार करणारा घट. पाणबुड्या, अवकाशयाने आणि खोल समुद्रातील मानवरहित वाहने यांत तो वापरतात.

रस्त्यावरची हायड्रोजन मोटार ऑक्सिजन हवेतून फुकट घेते. इथे त्याचाही भार वाहावा लागतो, आणि तो थोडाथोडका नसतो: १ किलो हायड्रोजनला ८ किलो ऑक्सिजन लागतो व ९ किलो पाणी तयार होते. म्हणून ऑक्सिजन बहुधा उणे १८३ अंश सेल्सिअसला द्रवरूपात साठवतात. हायड्रोजनची साठवण त्याहून अवघड. जर्मनीच्या २१२ए वर्गाच्या पाणबुड्यांत तो धातूच्या हायड्राइडमध्ये (हायड्रोजन शोषून धरणाऱ्या मिश्रधातूत) मुरवून ठेवतात. या टाक्या फार जड असतात, पण पाणबुडीला वजन चालते. घटात निर्माण होणारी उष्णताच हायड्रोजन मोकळा करायला उपयोगी पडते.

शुद्ध ऑक्सिजनचा एक मोठा फायदा आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड अल्कधर्मी घटातील पोटॅशियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावून कार्बोनेट बनवतो व घट निकामी करतो. इथे तो प्रश्नच येत नाही. मात्र वायूंमधील किंचितशी अशुद्धीही घटात साचत जाते, व्होल्टता घसरते आणि अधूनमधून वायू बाहेर सोडून घट साफ करावा लागतो. बंदिस्त पाणबुडीत हे सोपे नाही. तयार झालेले पाणीही ती सहसा आतच ठेवते, म्हणजे वजनाचा तोल ढळत नाही.

अवकाशात इंधन घट पहिल्यांदा ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी ५ यानात वापरले गेले. अपोलो यानांत तीन अल्कधर्मी घट होते; त्यांचेच पाणी अंतराळवीर पीत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ ची ऑक्सिजनची एक टाकी फुटली व दुसरीही गळू लागली, तेव्हा हायड्रोजन शिल्लक असूनही तिन्ही घट बंद पडले. वीज आणि पाणी एकाच वेळी तुटले. अंतराळवीरांना विद्युत घटमालेवर (बॅटरीवर) चालणाऱ्या, चंद्रावर उतरण्यासाठी जोडलेल्या छोट्या यानाचा आसरा घ्यावा लागला.

जपानच्या उराशिमा या मानवरहित वाहनाने २००५ मध्ये इंधन घटावर पाण्याखाली ३१७ किमी अंतर कापले. जर्मनीची यू-३२ पाणबुडी २०१३ मध्ये सलग १८ दिवस पाण्याखाली राहिली. अशा पाणबुड्यांतील घटांची शक्ती सुमारे ३०० किलोवॉट असते. संथ, नीरव प्रवासाला ती पुरते, पण वेगाने पळायचे तर विद्युत घटमालाच लागते.