ग्राउट पाणी अडवत नाही
‘टाइल लावून सांधे ग्राउटने भरले की न्हाणीची जमीन वॉटरप्रूफ,’ असं घरच्या बाथरूमपासून ऐकत आलोय. स्वतः कॅम्पर, म्हणजे राहण्याजोगी व्हॅन, बांधणारेही तेच धरून चालतात. तसं नाही. सिमेंटचं ग्राउट पाणी शोषतं. अडवतो तो टाइलखालचा वॉटरप्रूफ थर. त्यात नाशिकहून कसारा घाट उतरताना गाडीचा सांगाडा पिळवटतो, सांध्यांना केसाएवढ्या चिरा जातात. माझ्या व्हॅनमधलं टाइलखालचं प्लाय बोटाने दाबलं तर भिजल्या बिस्किटासारखं खचलं.

प्लायवर फायबरग्लास मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिनचे (सुकून कडक होणारं चिकट द्रव) थर द्या, कडा भिंतीवर 10 सेंटिमीटर तरी चढवा. मीटरला 2 सेंटिमीटर उतार घरी पुरतो. गाडी मात्र कलती उभी राहते, म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांत पाणी जायला दोन जाळ्या हव्यातच. मग जाळ्यांची भोकं बुजवून 24 तास पाणी तुंबवा आणि खालून हात फिरवून बघा.