बॅगेवरचे डेकूपाज : रोगणाचा प्रवास आणि गोव्याची हवा

डेकूपाजमध्ये कागदाची चित्रे कापतात, वस्तूवर चिकटवतात आणि त्यावर वार्निशचे थर देतात. बहुतेकांचा सगळा जीव चित्र निवडण्यात आणि कापण्यात जातो. वार्निश शेवटी दोन हात मारून उरकले जाते. गोव्यात अशी बॅग एक पावसाळाही धड काढत नाही, कडा उचलल्या जातात आणि कागद पापुद्र्यासारखा सुटतो. असे का होते हे समजायचे तर या कलेचा उगम पाहायला हवा. ती जन्मली तीच मुळी रोगणाची नक्कल करण्यासाठी. कागद त्यात सोयीपुरता आला.

मूळ रोगण चीन-जपानचे. उरुशी नावाच्या झाडाचा चीक लाकडावर पातळ हाताने द्यायचा, घट्ट होऊ द्यायचा, घासायचा आणि पुन्हा द्यायचा, असे कितीतरी थर. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले आणि १५७१ पासून नागासाकी हे त्यांच्या व्यापाराचे बंदर झाले. तिथून निघालेला माल मकाव, मलाक्का करत जुन्या गोव्याला लागे आणि इथून लिस्बनला जाणाऱ्या जहाजांत चढे. त्यात काळ्या रोगणाच्या पेट्या असत: कमानदार झाकण, सोनेरी वेलबुट्टी, मध्ये शिंपल्याचे चमकते तुकडे. परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेल्या या कामाला नाम्बान म्हणतात. युरोपात रोगणाचे जे वेड पसरले त्याचा एक रस्ता असा थेट मांडवीच्या काठावरून गेला. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीज जहाजांना बंदी केली, पण तोवर युरोपला चटक लागली होती.

तिकडच्या कारागिरांची अडचण अशी की ते झाड युरोपात नव्हते आणि चीक लांबच्या समुद्रप्रवासात टिकत नसे. शिवाय त्याचा स्वभाव उलटा. उरुशी कोरड्या हवेत वाळतच नाही. तिला साधारण ७० ते ८५ टक्के आर्द्रता लागते, तेव्हा कुठे त्यातले विकर (एन्झाइम) काम करू लागते आणि थर घट्ट होतो. जपानी कारागीर त्यासाठी मुद्दाम ओलसर ठेवलेले लाकडी कपाट वापरतात. जुलैतली पणजीची हवा उरुशीला छान मानवली असती. आपण वापरतो त्या पाण्यातल्या वार्निशला मात्र तीच हवा बाधते, त्याकडे पुढे येऊच.

मग नकला सुरू झाल्या. १६८८ मध्ये इंग्लंडमध्ये स्टॉकर आणि पार्कर यांनी रोगणकामावर पुस्तक छापले. त्यातल्या वार्निशच्या कृती लाखेच्या आहेत, आणि ही लाख हिंदुस्थानातून जाणारी. व्हेनिसमध्ये याच्याही पुढची युक्ती निघाली. हाताने चित्रे काढणारा कलावंत महाग पडे, म्हणून छापील चित्रे विकत घ्यायची, रंगवायची, कापायची, फर्निचरवर चिकटवायची आणि चंद्रस नावाच्या राळेच्या वार्निशचे थर देत राहायचे. बासानो गावातला रेमोंदिनी छापखाना अठराव्या शतकात अशा कापायच्या चित्रांचे ताव छापत असे. या कामाला ‘गरिबांचे रोगण’ असे नाव पडले. कसोटी एकच होती: बोट फिरवल्यावर कागदाची कड लागता कामा नये. ती कसोटी आजही लावावी. १७६० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट सेयरने घरच्या घरी हे काम करणाऱ्या स्त्रियांसाठी नमुन्यांचे पुस्तक काढले आणि कला दिवाणखान्यात शिरली. एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळाछापाने स्वस्त, आधीच कापलेली चित्रे बाजारात आणली.

बॅगेच्या सजावटीचा दुसरा पूर्वज वेगळा आहे, तो म्हणजे सामानावरचे लेबल. लुई व्हिताँने १८५८ मध्ये सपाट झाकणाची ट्रंक आणली. सपाट झाकणामुळे ट्रंका एकावर एक रचता येऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉटेले प्रवाशांच्या सामानावर आपली रंगीत लेबले चिकटवत. नेपल्सच्या रिश्टर छापखान्याची लेबले आज संग्राहक जपून ठेवतात. जहाज कंपन्यांची लेबले कामाची असत: हा डाग केबिनमध्ये, हा तळात, हा प्रवासात लागणार नाही. गोव्याला ही ट्रंक चांगलीच ठाऊक आहे. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या बोटींवर गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, मोठ्या संख्येने होते, मुंबईतल्या गावागावांच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या वसतिघरांत, त्यांच्या ट्रंका राहत आणि कोणती कोणाची हे वरच्या खुणांवरून ओळखले जाई. विमानप्रवास रुळला तशी ही लेबले मागे पडली. आज बॅगेवर चित्र लावणारा कळत-नकळत त्याच सवयीला धरून असतो.

घराजवळचेही एक उदाहरण आहे. सावंतवाडीच्या गंजिफाच्या, म्हणजे खेळायच्या हाती रंगवलेल्या पत्त्यांच्या, पानांचा पाया चिंचोक्याच्या खळीने आणि खडूच्या पुटाने तयार करतात, वर रंग आणि लाख. थर चढवण्याची ही समज या भागात जुनीच आहे. खळीला एक शाप मात्र आहे: कसर आणि बुरशी. म्हणून पुस्तक बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी आहे, घरच्या बॅगेसाठी मुळीच वापरू नये. आज त्याची गरजही नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये मॉड पॉज आले. गोंद आणि वरचा थर एकाच डब्यात मिळाल्याने हे काम कोणालाही जमू लागले. त्यातून एक गैरसमजही रुजला, की हे लावल्यावर वरून वेगळे वार्निश लागत नाही. शोभेच्या डबीला नाही लागत. बॅगेला लागते.

कडक बॅग घ्यायची तर आधी ती कशाची आहे ते आतल्या लेबलवर वाचावे. पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस असेल तर काम होते. पॉलिप्रॉपिलीनवर साधा गोंद धरत नाही, नखाने अख्खे चित्र निघते. पॉलिकार्बोनेटला थिनर किंवा ॲसिटोन लावू नये, त्याने प्लास्टिकला बारीक तडे जातात. साबणाच्या पाण्याने धुऊन पुसले की पुरे. मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासावे आणि प्लास्टिकचा प्रायमर एक हात द्यावा.

कागद ६० ते ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ग्रॅम) बरा. इंकजेटची छपाई ओल लागताच फुटते, लेझरची टिकते. जुनी पत्रे, तिकिटे मूळची लावू नयेत, लेझर झेरॉक्स लावावी. जाड कागद चिकटवण्याआधी एक-दोन मिनिटे पाण्यात ठेवावा. कोरडा कागद ओल्या गोंदावर टाकला की तो बॅगेवरच फुगतो, सुरकुत्या पडतात त्या त्यामुळेच. भिजवलेला आधीच फुगलेला असतो, तो वाळताना ताणून बसतो. गोंद दोन्ही बाजूंना लावून मधून कडेकडे दाबत जावे. बुडबुडा राहिलाच तर वाळू द्यावा, सुईने टोचावा आणि त्या भोकातून गोंद सोडावा. चेनपासून एक सेंटिमीटर आणि गोल कोपऱ्यांपासून दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी, विमानतळावरच्या पट्ट्यावर पहिला मार तिथेच बसतो.

साधा पांढरा गोंद वाळल्यावरही पाण्याने मऊ पडतो, म्हणून वर पाण्यातले पॉलियुरेथेन वार्निश हवे. केबिन बॅगेची एक बाजू साधारण ५५ गुणिले ३५ सेंटिमीटर धरली तर एका हाताला १५ ते २० मिलिलिटर लागते. आठ हातांना दीडशेच्या आसपास. दोन हातांत चार ते सहा तास, चौथ्या हातानंतर ४०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने हलकेच घासावे, आणि कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत हात देत जावेत. थर कोरडा लागला तरी पुरता मुरायला तीन आठवडे जातात, तोवर प्रवासाला काढू नये.

जून ते सप्टेंबर हे काम टाळलेलेच बरे. हवेत पाणी भरलेले असले की थरातले पाणी बाहेर पडत नाही, वार्निशचे कण एकजीव होत नाहीत आणि चित्रावर दुधाळ डाग राहतो. घाईने दुसरा हात दिला तर तो डाग कायमचा आत कोंडला जातो. पावसात करायचेच असेल तर बंद खोलीत एसी कोरड्या हवेवर ठेवून करावे आणि प्रत्येक मुदत दुप्पट धरावी.

कापडी पिशवीला व्हेनिसचा थरांवर थर देण्याचा नियम लागू नाही. ते थर न वाकणाऱ्या लाकडासाठी होते. कॅनव्हास घडी पडली की जाड थर तडकतो. इथे कागदी नॅपकिनची पद्धत चालते. पिशवी आधी धुवावी, नवीन कापडातली खळ निघाली पाहिजे. तीन पदरी नॅपकिनचा फक्त वरचा छापील पदर घ्यावा. खालचे पदर राहिले तर ते गोंद पितात आणि चित्र मधूनच सुटते. कापडासाठीचे डेकूपाज माध्यम खाली एक हात, वर दोन हात, बस्स. एक दिवस वाळल्यावर बेकिंग पेपर ठेवून वाफ बंद केलेली इस्त्री फिरवावी. घडीच्या रेषांवर चित्र येऊ देऊ नये.

पासपोर्टचे कव्हर रेक्झिनचे असेल तर त्यावर हे काम करू नये. रेक्झिन मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य हळूहळू वर येते, वार्निश चिकट होते आणि उन्हात तापलेल्या गाडीत कव्हर शेजारच्या कागदांना चिकटून बसते. चामडे किंवा जाड कापड चालते. सामानाच्या टॅगला पातळ लाकूड उत्तम, फक्त दोरीच्या भोकाच्या आतल्या कडेलाही वार्निश द्यावे, पाणी तिथूनच शिरते. पावसाळ्यात बॅग ठेवताना प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, आतली ओल आतच राहते. जुन्या सुती धोतरात गुंडाळावी, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि वार्निश दिलेल्या दोन बाजू एकमेकींना टेकवून ठेवू नयेत.