तितर-लावे खाणारी मोकाट मांजरं: कायदा काय सांगतो आणि अर्ज कुणाकडे करायचा

मागच्या पावसाळ्यात तुरीत कोळपं चालू असताना बांधालगत बोराटीखाली तितराचं घरटं सापडलं. घरटं कसलं, उकरलेल्या मातीत चार काड्या आणि सात अंडी. तेवढ्या दोन ओळी सोडून आम्ही बाकीचं रान कोळपून घेतलं. चौथ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर फुटकी टरफलं, करड्या पिसांचा पुंजका आणि ओल्या मातीत गोल पावलं, नखं न उमटलेली. कुत्र्याच्या पावलाला नखं दिसतात, मांजराच्या पावलाला दिसत नाहीत. त्याच संध्याकाळी शेजारच्या आखाड्यावरची (शेतवस्तीवरची) भाटी, म्हणजे मादी मांजर, बांधावर दबा धरून बसलेली दिसली.

गावात सल्ले लगेच मिळाले. कुणी म्हणालं, वनखात्याकडून परवाना काढ आणि मारून टाक. कुणी म्हणालं, माशाच्या तुकड्याला औषध लावून ठेव. पहिला सल्ला कायद्यात बसत नाही आणि दुसरा थेट गुन्हा आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

तितर, लावा हे एकेकाळी ‘शिकारीचे पक्षी’ म्हणून ओळखले जायचे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू झाल्यावरही त्यांची शिकार परवान्यावर करता यायची. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने बंद झाले. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून हे पक्षी अनुसूची दोनमध्ये, म्हणजे कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत, आहेत. मोर अनुसूची एकमध्ये आहे. तितर मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोराच्या बाबतीत कैद किमान तीन वर्षांची, ती सात वर्षांपर्यंत जाऊ शकते.

घरातून सुटलेलं किंवा पिढ्यान्‌पिढ्या मोकाट राहिलेलं मांजर मात्र या कायद्याच्या कुठल्याच अनुसूचीत नाही. वनखात्याचा परवाना अनुसूचीतल्या वन्यप्राण्यांपुरता असतो. पिकाचं किंवा माणसाचं नुकसान करणाऱ्या वन्यप्राण्यासाठी कलम ११ आहे, त्याचा मांजराशी संबंध नाही. थोडक्यात, मोकाट मांजर मारायचा परवाना कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. मोबाइलवर परदेशातले कायदे वाचून काही जण गोंधळतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात वन्यप्राण्यांसाठी राखीव क्षेत्रात मालकाच्या घर-अंगणाबाहेर सापडलेलं पाळीव मांजर वेगळ्या वर्गात टाकलं आहे. ते नियम तिकडचे. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे. प्राण्याला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं यासाठी या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

विषाचं तर नावच काढू नका. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी जुन्या पुड्या अजून कुणाकुणाच्या माळ्यावर सापडतात. विषारी तुकडा मांजरच खाईल याची खात्री कोण देणार? कोल्हा खातो, मुंगूस खातं, गावचं कुत्रं खातं, मेलेल्यावर घार उतरते. फासकीचंही तसंच. कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच फासे आणि सापळे लावून पकडणं येतं. मांजरासाठी लावलेल्या फासकीत रानमांजर किंवा तितर अडकलं, तर आरोपी तुम्हीच.

आणि पोत्यात भरून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडायचं? हा आपल्याकडचा सगळ्यात चालू उपाय. १९६० च्या कायद्याचं कलम ११ त्रास होईल अशा रीतीने प्राणी नेणं आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं, दोन्हीला गुन्हा म्हणतं. दंडाची रक्कम जुनी आहे, पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण सोडलेलं मांजर तिथल्या माळावरचे लावे खातं. आपला त्रास दुसऱ्याच्या बांधावर गेला, एवढंच.

अर्जाच्या आधी एक खात्री करून घ्या: ते मांजर गावचंच आहे की रानमांजर? रानमांजराला आपल्याकडे बाऊलही म्हणतात. पाय लांब, अंग मातकट आणि जवळजवळ बिनपट्ट्याचं, कानाच्या टोकाला थोडे केस, शेपूट आखूड आणि तिच्या टोकाकडे काळी कडी. ते संरक्षित वन्यप्राणी आहे. तितर खाणं हा त्याचा हक्काचा आहार आहे आणि त्याच्याविरुद्ध कसलाही अर्ज करायचा नाही. उसात किंवा ज्वारीत त्याची पिल्लं सापडली तर हात न लावता वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.

आता खरा मार्ग. मांजर गावचं, म्हणून जबाबदारी स्थानिक संस्थेची: गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपरिषद किंवा महापालिका. भटक्या कुत्र्यांसाठी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ आहेत. पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून पकडलं तिथेच सोडायचं, अशी त्यांची पद्धत. मुंबई महापालिकेने मोकाट मांजरांची नसबंदी याच धर्तीवर चालवली आहे. आपण मागायचं ते हेच, मारण्याची परवानगी मागायची नाही.

मांजर तुमचं स्वतःचं असेल तर अर्जाची गरजच नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा आणि मांजराची शस्त्रक्रिया तिथे होते का, ते विचारा. होत नसेल तर परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या चिकित्सालयांत चौकशी करा. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते, त्यामुळे ‘एक वेत होऊ द्या, मग बघू’ म्हणणं परवडत नाही.

मोकाट मांजरांसाठी अर्ज गावातला कुणीही रहिवासी करू शकतो. कोरा कागद पुरतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) यांच्या नावे लिहा. मजकूर मोजका ठेवा: ‘आमच्या गट नंबर अमुकच्या परिसरात अंदाजे इतकी मोकाट मांजरं आहेत. तितर, लावे यांची घरटी ती मोडतात. त्यांची मान्यताप्राप्त संस्थेमार्फत किंवा पशुसंवर्धन विभागामार्फत नसबंदी आणि लसीकरण करावे व हा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा.’ सोबत आधारची प्रत, शेतातला विषय असेल तर सातबारा, तारखेसह दोन-चार फोटो. शेजारच्या आठ-दहा शेतकऱ्यांच्या सह्या घेतल्या तर वजन पडतं.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे पोहोच. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. माझा पहिला अर्ज तोंडी ‘ठेवून जा’ वर गेला आणि महिन्याभराने कुणाला सापडेना. दुसऱ्यांदा पोहोच घेतली, तेव्हा कागद हलला.

ग्रामसभेत ठराव झाला की त्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. ती जोडून पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाला पत्र द्या. जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीलाही एक प्रत द्या, कारण मांजरं सुरक्षित पकडणारी माणसं आणि पिंजरे कुठे आहेत याचा पत्ता तिथे लागू शकतो. उत्तरच आलं नाही, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा: ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?’ तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

शेत अभयारण्याला लागून असेल, बीडच्या पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्याजवळ किंवा धाराशिवकडे येडशी रामलिंग घाटाजवळ, तर अर्जाची एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या. अभयारण्याच्या हद्दीत स्वतः पिंजरा घेऊन जाऊ नका, तिथल्या प्राण्यांबाबतचा निर्णय वनखात्याचा असतो.

मांजराने मारलेला तितर किंवा मोर सापडला तर उचलून घरी नेऊ नका. कलम ३९ प्रमाणे मेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरतो आणि तो ताब्यात आला असेल तर ४८ तासांत पोलिस ठाण्यात किंवा वनखात्याला कळवावं लागतं. जागेवरच फोटो काढा आणि १९२६ वर सांगा. तोच फोटो पुढे अर्जाला जोडता येतो.

वेळेचं गणित जमवा. लावे पावसाळ्यात अंडी घालतात, तितरांची घरटी उन्हाळ्यापासूनच दिसू लागतात. त्यामुळे अर्ज २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गेलेला चांगला, फार तर १ मेच्या. तोवर आखाड्यावरच्या मांजराला दिवस मावळायच्या आत पोटभर घाला आणि रात्री कोठीत उंदरांवर सोडा. आमच्या शेजाऱ्यांनी या वर्षी तेच केलं आहे, आणि त्यांच्या भाटीच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही दोघं मिळून तालुक्याला जाऊन आलो.