पाईप बसला, गाडीही बसली

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवायचा, अशी बातमी दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या शहरातून येते. माझा भाचा फोटो पाहून हळहळतो. मी हळहळत नाही, कारण त्या ढिगातल्या बहुतेक नळ्यांनी गाडीचा आवाज वाढवला, वेग नाही. मला गंमत वाटते ती त्यावरच्या गप्पांची. "सायलेन्सर मोकळा केला की पिकअप येतो" आणि "मोकळा केला की बॅक प्रेशर जातो, गाडी बसते" ही दोन्ही वाक्यं मी एकाच टपरीवर, एकाच माणसाच्या तोंडून, एकाच चहात ऐकली आहेत. (मोकळा म्हणजे आतले अडथळे काढलेला; बॅक प्रेशर म्हणजे धुराला बाहेर पडताना होणारा अडथळा.)

भाच्याकडे यामाहाची आरएक्स १०० आहे. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ७५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती. १९९६ नंतर ही गाडी बनली नाही, त्यामुळे मूळ सायलेन्सर सडला की शोधाशोध सुरू होते. त्याला दुसऱ्या मॉडेलचा एक पाईप स्वस्तात मिळाला. आमच्या नागपुरातल्या, सक्करदऱ्याजवळच्या मिस्त्रीने फ्लँजची, म्हणजे पाईप इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीची, भोकं फाईल मारून जुळवली. पण मागचा ब्रॅकेट काही जुळेना. मग त्याने बेंड पाईप, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी, कापली, मध्ये बोटभर लांबीचा तुकडा गॅस वेल्डिंगने जोडला आणि सायलेन्सर मागे सरकवला. काम देखणं झालं. संध्याकाळी फोन आला, "मामा, पाईप तर मस्त बसून गेला, पण गाडी काऊन नाही पळून राहिली? वरती गेली की दमच सोडते."

मिस्त्रीचं निदान तयार होतं: "बॅक प्रेशर बिघडला ना भाऊ."

मी पट्टी घेऊन गेलो. जोडलेला तुकडा दहा सेंटिमीटरचा होता. गाडी कुठे दम सोडते ते त्या दहा सेंटिमीटरवरून कागदावर काढता येतं, आणि त्यासाठी आधी अजनीच्या रेल्वे यार्डात जावं लागतं.

तिथलं शंटिंग, म्हणजे डब्यांची जोडाजोड, पाहिलं असेल तर आठवा. इंजिनाने एका टोकाला ढोसलं की खण्ण-खण्ण करत धक्का एका डब्यातून दुसऱ्यात जातो. डबे जागचे फारसे हलत नाहीत, धक्का मात्र शेवटपर्यंत पोचतो. शेवटच्या डब्यापुढे बफरचा कठडा असेल, तर धक्का आपटून धक्का म्हणूनच परत येतो. पुढे मोकळा रूळ असेल तर गोष्ट वेगळी. शेवटचा डबा पुढे पळू पाहतो, त्याची जोडणी ताणली जाते, तो मागच्याला ओढतो, मागचा त्याच्या मागच्याला. जाताना धक्का होता, परत आला तो हिसका.

पाईपमध्ये डब्यांच्या जागी गरम वायू असतो. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर सोडणारं दार, उघडला त्या क्षणी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी वर असतो, म्हणून दाबाची एक लाट पाईपमध्ये सुटते. ही लाट म्हणजे ध्वनीच, फक्त दांडगा. पाईप जिथे रुंदावतो तिथून तिचा काही भाग हिसका होऊन परत येतो, जिथे अरुंद होतो तिथून धक्का होऊन. धूर अजून अर्ध्या वाटेवर असतो, लाट जाऊन परतलेलीही असते. शाळेत प्रतिध्वनी शिकलो तो हाच, फक्त इथे तो कामाला लावलेला आहे.

टू-स्ट्रोकमध्ये हे काम फार मोठं आहे, कारण अशा इंजिनात सिलिंडरच्या दारांवर व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली दारं उघडतो आणि झाकतो. पिस्टन खाली येताना आधी धुराचं दार उघडतं, मग ताज्या मिश्रणाचं. वर जाताना आधी ताज्या मिश्रणाचं दार लागतं, मग धुराचं. म्हणजे मधल्या काळात ताजं पेट्रोल-हवा आत आलेलं आहे आणि बाहेरचं दार सताड उघडं! थोडं मिश्रण पाईपमध्ये निसटतंच. आता सायलेन्सरचं पोट बघा. बेंड पाईप आत शिरल्यावर जागा रुंद होते, तिथून आलेला हिसका जळका वायू ओढून काढतो. पुढे वाट निमुळती होते, तिथून आलेला धक्का निसटलेलं मिश्रण परत सिलिंडरमध्ये कोंबतो. नेमक्या वेळी, म्हणजे धुराचं दार लागायच्या अगदी आधी. नळी न हलता पंपाचं काम करते. मी हे कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस जो भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

आता हिशेब. ७५०० आरपीएम म्हणजे एक फेरा ८ मिलिसेकंदांत. धुराचं दार फेऱ्यातला अर्धा वेळ उघडं असतं असं धरू (प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे), म्हणजे ४ मिलिसेकंद. ० अंश सेल्सियसच्या हवेत ध्वनी सेकंदाला ३३१ मीटर जातो. वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून ४०० अंशांच्या वायूत तो सुमारे ५२० होतो. सोयीसाठी ५०० घेऊ. ४ मिलिसेकंदांत लाट २ मीटर जाईल: १ मीटर जाणं, १ मीटर येणं. तेव्हा पिस्टनपासून त्या निमुळत्या भागापर्यंतचं अंतर साधारण १ मीटर हवं. त्यात दहा सेंटिमीटर वाढवले की लाटेला जाऊन-येऊन २० सेंटिमीटर जास्त पडतात, ती ०.४ मिलिसेकंद उशिरा पोचते. तेवढ्यात क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, १८ अंश पुढे गेलेला असतो. दार लागलेलं, धक्का दारावर. आता जमून येईल ते ६८०० आरपीएमच्या आसपास, त्यावर गाडी दम सोडणारच. खालच्या वेगात ती उलट जरा बरी ओढते, आणि भाच्याने नंतर कबूल केलं की गर्दीत बुलेटवाल्याला त्याने दोनदा मागे टाकलं होतं.

हे शास्त्र अंदाजाच्या पलीकडे नेणारा माणूस वॉल्टर काडेन, पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातला अभियंता. १९६१ पर्यंत त्याने १२५ सीसीच्या रेसच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेला पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. १९६२ चं ५० सीसीचं जगज्जेतेपद डेग्नरने सुझुकीवर मिळवलं. शीतयुद्धात पळवून नेलेल्या विद्येत सायलेन्सरचा आकार होता, हे मिस्त्रीला सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा पाना खाली ठेवला.

म्हणून ते बॅक प्रेशरचं खूळ सोडा. सततचा अडथळा कुठल्याच इंजिनाला नको असतो, धूर ढकलायला पिस्टनची ताकदच खर्ची पडते. इंजिनाला हवी असते वेळेवर परतणारी लाट. सायलेन्सर मोकळा केल्यावर गाडी बसते ती लाटेची वेळ चुकल्यामुळे आणि कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मापणारं बारीक भोक, जुनाच राहिल्यामुळे. इंजिन हवा वेगळ्या मापाने ओढतं, पेट्रोल जुन्या मापाने येतं. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, तर टू-स्ट्रोकचा पिस्टन तापून जाम होतो. प्लग काढून पाहा: तपकिरी असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर थांबा. हँडलला लिंबू-मिरची बांधलेल्या गाडीचाही प्लग पांढरा पडतो. आणि "वीस टक्के पॉवर वाढेल" म्हणून पाईप विकणाऱ्याला एवढंच विचारा, किती आरपीएमला?

लांबीइतकाच व्यासही छळतो. पोर्ट ३२ मिलिमीटरचा आणि पाईप आतून २८ चा असेल तर फरक चार मिलिमीटरचा दिसतो, पण क्षेत्रफळ जवळजवळ पाव भाग घटतं. दोन क्षेत्रफळांची वजाबाकी भागिले बेरीज केली की लाटेचा किती अंश तिथूनच मागे फिरतो ते कळतं. इथे सुमारे १३ टक्के. म्हणजे दारातच एक छोटा, अवेळी धक्का. पाईप पोर्टपेक्षा किंचित मोठा असला तर सहसा चालतं, लहान असला तर नाही.

फोर-स्ट्रोकवाल्यांचं काम सोपं. हिरो होंडाच्या सीडी १०० आणि स्प्लेंडर दोन्ही ९७.२ सीसीच्या, एकाच कुळातल्या. जुन्या बुलेटचा पाईप हेडमध्ये नुसता ढकलून बसतो. जुनी येझदी पुन्हा टू-स्ट्रोक, आणि तिची तऱ्हा न्यारी: सिलिंडर एक, सायलेन्सर दोन, आणि पाईप धरायला मोठी आटेदार रिंग. तिथे दुसऱ्या गाडीचा पाईप बसवायला निघालात तर लेथवाल्याशी दोस्ती करूनच निघा.

बसवताना एक पथ्य. पोलादाचा अर्धा मीटर पाईप ४०० अंशांनी तापला की सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो. ब्रॅकेट जोर लावून ओढून बसवला असेल तर ही वाढ स्टडवर किंवा वेल्डिंगवर निघते. सगळे नट आधी बोटांनी लावा, मग इंजिनाकडचे दोन आळीपाळीने आवळा, ब्रॅकेट शेवटी. गॅस्केट नवीनच घाला. तिथून हवा आत ओढली गेली की अॅक्सिलरेटर सोडताना फटाके वाजतात आणि पोलीस त्यालाही मोकळा सायलेन्सर समजतात.

आम्ही तो तुकडा काढला. पाईपऐवजी ब्रॅकेट लांबवला, पट्टीला नवं भोक पाडून. तेवढं काम पंधरा मिनिटांचं होतं. ते आधी का नाही सुचलं, यावर मिस्त्री आणि मी दोघंही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानेवाड्याहून भाच्याचा फोन: "मामा, अजूनबी जडच आहे ना!" डिसेंबरची थंडी, गाडी नुकतीच किक मारलेली. पाईपमधला वायू २०० अंशांचा असेल तर लाट ५२० ऐवजी ४३५ च्या वेगाने जाते, सगळं गणित खाली सरकतं. म्हटलं, पाईप तापू दे, वर्धा रोडला लाग आणि छत्रपती चौकातून फोन कर.

फोन आला नाही. दुपारी आला, तो वर्धा रोडवरच्या पार पुढच्या बुटीबोरीहून.